गरुड लिनक्स

आर्च लिनक्सवर आधारलेली मुक्त संगणक प्रणाली. भारतातील श्रीनिवास विष्णू कुंभार आणि जर्मनीतील 'एसजीएस' या टोपणनावाचे विकासक यांनी ती सुरू केली. पहिली आवृत्ती मार्च २०२० मध्ये आली. नाव पक्षिराज गरुडावरून घेतलेले. 'ड्रॅगनाइज्ड' ही तिची सर्वांत परिचित आवृत्ती केडीई प्लाझ्मावर उभी आहे: गडद पार्श्वभूमी, निऑन रंग, धूसर काचेसारख्या खिडक्या. हे परिणाम मुख्यतः ग्राफिक्स चिप रंगवते, त्यामुळे प्रोसेसरवरचा भार हलका होतो. रॅम मात्र किमान ४ जीबी हवी. झेडरॅम ही सोय कमी वापरातला डेटा संकुचित करून रॅममध्येच ठेवते.

दिखाव्यापेक्षा मोलाची आहे ती बीटीआरएफएस फाइल प्रणाली. अपडेट करण्यापूर्वी स्नॅपशॉट घेतला जातो. अपडेट बिघडलेच, तर संगणक सुरू होतानाच्या यादीतून आदल्या स्थितीत परतता येते. अपडेट सतत येत राहणाऱ्या प्रणालीत हा मोठाच आधार.

जुन्या संगणकावर एवढी सजावट पेलत नाही. तिथे उबुंटूवर आधारलेली, 'मोक्ष' हा डेस्कटॉप वापरणारी बोधी लिनक्स अधिक योग्य. तीही देखणी आहे, आणि तिला ५१२ एमबी रॅम पुरते.