एका खिळ्याचा माग

माझ्या टेबलावर शिशाचा एक ‘ळ’ आहे. उंची इंचाहून थोडी कमी, जाडी आगपेटीच्या दोन-तीन काड्यांएवढी. वरच्या टोकाला कोरलेलं अक्षर उलटं आहे, म्हणून पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते ओळखू येत नाही. बोटाने शाई लावून तो कागदावर दाबला की मात्र ळ सरळ उभा राहतो, काळाभोर आणि वळणदार. तालुक्याच्या गावातला एक जुना छापखाना बंद झाला, तेव्हा तिथले खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, वजनावर मोडीत चालले होते. मी मूठभर मागून आणले. बाकीचे वाटून टाकले, हा ठेवला. काळ, वेळ, बाळ, डोळा, आभाळ या शब्दांपैकी एकही त्याच्यावाचून छापता आला नसता.

या ळचा माग काढत मागे मागे जायचं ठरवलं. तो इतका दूर जाईल असं वाटलं नव्हतं.

पहिला मुक्काम खिळे जुळवणाऱ्या जुळाऱ्याच्या मांडणीपाशी, म्हणजे त्याच्या घोडीपाशी. समोर तिरक्या ठेवलेल्या केसा, त्यांत शेकडो खण. डाव्या हातात ओळ जुळवायची स्टिक, उजव्या हाताची बोटं न बघता खणांत जातात, खिळा उचलतात, त्याची खाच अंगठ्याने चाचपतात आणि ओळीत बसवतात. इंग्रजीचं काम त्या मानाने सोपं, एकामागून एक अक्षर लावायचं. मराठीची ओळ तीन मजल्यांची. मधे अक्षर, वर मात्रा, वेलांटी, रफार, अनुस्वार, खाली उकार आणि ऱ्हस्व-दीर्घाची सगळी भानगड. ‘डिग्री’ पद्धतीत हे मजले वेगवेगळ्या खिळ्यांनी रचायचे, ‘अखंड’ पद्धतीत अक्षर आणि चिन्ह एकाच खिळ्यावर. शिवाय जोडाक्षरं. शिवाय ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक दाखवायला वेगळा अर्धा र. आपण वाचतो ते सुबक पान म्हणजे कुणाच्या तरी पाठीची कळ आणि डोळ्यांचा ताण असतो.

हे खिळे कुठून यायचे? एक पाऊल मागे गेलं की मुंबई, काळबादेवी, कोलभाट गल्ली. तिथे जावजी दादाजी यांचं निर्णयसागर. १८६४ साली त्यांनी खिळे ओतण्याचा कारखाना काढला आणि १८६९ साली छापखाना. अक्षरांच्या वळणाचं श्रेय त्यांचे मित्र राणोजी रावजी आरू यांचं. आधी पोलादाच्या टोकावर अक्षर उलटं कोरायचं. तो झाला ठसा. ठसा तांब्याच्या पट्टीवर ठोकून अक्षराचा खळगा उमटवायचा. त्या खळग्यावर साचा बसवून शिसं, कथील आणि अँटिमनीचा रस ओतायचा. एका ठशातून लाखो खिळे निघतात. म्हणून ठसा कोरणाऱ्याचा हात एकदा जिकडे वळला, तिकडे पुढच्या पिढ्यांची नजर वळते. निर्णयसागरच्या अक्षरांत संस्कृत ग्रंथ निघाले, आणि ते वळण मराठी वाचकाच्या डोळ्यांत इतकं मुरलं की देवनागरीचं सुंदर रूप म्हटलं की अजूनही तेच आठवतं.

पण जावजी हे शिकले कुठे? इथे माग एका अनपेक्षित दारात जातो. १८३९ साली जन्मलेला हा गरीब घरचा मुलगा लहान वयात मुंबईतल्या अमेरिकन ख्रिस्ती मिशनच्या छापखान्यात कामाला लागला. काम होतं खिळे घासून साफ करण्याचं. ओतलेल्या खिळ्याच्या कडांना बारीक कंगोरे राहतात, ते घासून काढल्याशिवाय ओळ सपाट बसत नाही. दिवसभर अक्षरं घासणाऱ्या त्या पोराने पुढे अक्षरांचाच संसार थाटला. छापखानदार गणपत कृष्णाजींची गोष्टही याच दारातून निघते. गोविंद नारायण माडगांवकरांनी १८६३ सालच्या ‘मुंबईचें वर्णन’मध्ये ती नोंदवली आहे. मिशनची छपाई पाहून या माणसाच्या मनाने घेतलं की आपली पुस्तकंही अशीच निघाली पाहिजेत. स्वतःच्या हातांनी त्याने लाकडी यंत्र जुळवलं, शाई घरी तयार केली, पंचांग छापलं आणि पुढे खिळेही करून घेतले. छापलेल्या कागदाला शिवायला लोक कचरत, शाईत चरबी असेल या शंकेने. तिथे पंचांगच छापून काढणं ही मोठी धिटाई होती.

मिशनच्या छापखान्यात खिळ्यांना चांगलं रूप दिलं ते टॉमस ग्रॅहमने. तिथेच उमेदवारी करून तो ठसे कोरण्यात तरबेज झाला. त्याआधीचे खिळे बोजड होते, पान भरभर संपे आणि कागद महाग पडे. अक्षर लहान आणि रेखीव झालं तसं त्याच कागदात जास्त मजकूर मावू लागला. पुस्तक स्वस्त होण्याचं हे एक साधं, हातांनी घडवलेलं कारण.

मिशनला इतका मजकूर कशाला छापायचा होता, हे समजून घ्यायला छापखान्यातून शेजारच्या घरात जावं लागतं. मिशनच्या पाद्री मंडळींचं घर आणि काम वेगळं नव्हतं. सकाळी पंडिताबरोबर मराठीचा अभ्यास आणि भाषांतर, मग शाळांची फेरी, रस्त्यात आणि देवळापाशी लोकांशी बोलणं, संध्याकाळी प्रार्थना. खर्चाला हातभार म्हणून बायका घरीच दुसऱ्यांची मुलं ठेवून घेऊन शिकवत. १८२४ साली मिशनने मुंबईत मुलींची शाळा काढली. १८२७ साली सिंथिया फॅरार नावाची अविवाहित बाई केवळ या शाळांसाठी समुद्र ओलांडून आली. १८३९ साली ती अहमदनगरला गेली आणि १८६२ साली तिथेच वारली. जोतीराव फुल्यांनी तिची शाळा पाहिली, सावित्रीबाईंनी तिच्याकडे शिक्षिकेचे धडे घेतले. अशा शाळांना पुस्तकं लागत, आणि पुस्तकांना खिळे. १८४२ साली अहमदनगरहून ‘ज्ञानोदय’ निघाला, त्यात धर्माबरोबर भूगोल, विज्ञान आणि जगाच्या बातम्या येत. पुढच्या काळात रेव्हरंड नारायण वामन टिळकांची लेखणी त्याच पत्रात चालली.

हे सगळं काय होतं ते आडपडदा न ठेवता सांगितलं पाहिजे. ही मंडळी धर्म पालटवायला आली होती, आणि त्यांच्या पुष्कळ पुस्तिकांत इथल्या देवाधर्मावर कडक टीका होती. लोक दुखावले, रागावले, आणि मग तेही छापू लागले. १८३१ साली मोरभट दांडेकरांनी पाद्री जॉन विल्सनशी जाहीर वाद घातला. पुढे विष्णुबावा ब्रह्मचारी चौपाटीच्या वाळूत पाद्र्यांना सवाल करू लागले आणि त्यांचा ‘वेदोक्त धर्मप्रकाश’ही छापूनच आला. खिळा ज्याच्या हाती, त्याची बाजू तो छापतो. मिशनच्या भट्टीतून निघालेली विद्या मिशनच्या विरोधकांच्या कामी आली, पंचांगाच्या कामी आली आणि वेदांच्याही. मला ही या गोष्टीतली सर्वांत मोलाची बाब वाटते. अक्षर घडवणाऱ्याला ते कुठे जाईल हे ठरवता येत नाही.

आता आणखी मागचा टप्पा, मिशनच्या छापखान्याच्या पहिल्या दिवसाचा. छपाईची माहिती घेऊनच आलेला होरेशिओ बार्डवेल १८१६च्या नोव्हेंबरात मुंबईत उतरला. यंत्र आणि खिळे कलकत्त्याहून आले. १० मार्च १८१७ रोजी पहिलं काम निघालं, बायबलातल्या वचनांची आठ पानांची पुस्तिका, प्रती पंधराशे. मराठीत याआधीही छपाई झाली होती. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम केरी आणि वैजनाथ पंडितांनी १८०५ सालीच मराठी व्याकरण काढलं होतं. पण मुंबईत, मराठी माणसाच्या नजरेसमोर आणि त्याच्या हाताशी, मराठी खिळ्यांचं काम सातत्याने सुरू झालं ते इथे.

आणि त्याच्याही मागे एक जहाज आहे. अमेरिकेहून १८१२ साली निघालेल्या पाद्र्यांपैकी गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३च्या फेब्रुवारीत मुंबईला पोचले. कंपनी सरकारला ते नको होते. त्यात इंग्लंड-अमेरिका युद्ध सुरू, त्यामुळे परत जाण्याचे हुकूम निघाले, आणि कशीबशी विनवणी करून ते राहिले. त्यांच्या गटातली हॅरिएट न्यूएल मुंबईपर्यंत आलीच नाही. अवघ्या एकोणीस वर्षांची ती मुलगी मॉरिशसला वारली, तिचं नवजात बाळ तिच्याआधी. तिचा नवरा सॅम्युएल न्यूएल १८१४ साली मुंबईला आला. पुढे त्याने फिलोमेला थर्स्टनशी लग्न केलं आणि १८२१ साली पटकीने तो एका दिवसात गेला. फिलोमेलाने छापखाना सांभाळणाऱ्या जेम्स गॅरेटशी पुन्हा घर मांडलं. १८३१ साली तोही गेला. छापखान्याच्या इतिहासात गॅरेटचं नाव सापडतं, फिलोमेलाचं क्वचितच. पण दहा वर्षांत दोनदा विधवा झालेल्या या बाईच्या घराला लागूनच ती यंत्रं चालली होती.

१८२५ साली गॉर्डन हॉलची बायको मार्गारेट दोन मुलांना घेऊन अमेरिकेला निघाली. मुलांची प्रकृती इथे टिकत नव्हती. हॉल कामासाठी मागे राहिला. त्या प्रवासात एक मुलगा समुद्रातच गेला. पुढच्या मार्चमध्ये हॉल पुस्तकं घेऊन नाशिक-त्र्यंबकाकडे गेला. तिकडे पटकीची साथ होती. आजाऱ्यांना तो औषध देत फिरला आणि परत येताना दोडी दापूरला त्यालाच पटकीने गाठलं. रात्री देवळाच्या पडवीत आसरा घेतला होता. २० मार्च १८२६ रोजी काही तासांत सगळं संपलं, वय एकेचाळीस. बरोबरच्या दोन ख्रिस्ती मुलांनी त्याला घोंगडीत गुंडाळून तिथेच पुरलं. ज्या भाषांतरासाठी त्याने तेरा वर्षं मराठी घोकली, ते नव्या कराराचं भाषांतर त्याच वर्षी त्याच्याच मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडलं.

माग इथे थांबतो. देवळाच्या पडवीत, परक्या मुलखात, छापील पुस्तकांच्या गाठोड्याजवळ. त्याच्या धर्मप्रचाराबद्दल प्रत्येकाचं मत वेगळं असेल, आणि असावं. पण मुंबईतल्या मराठी खिळ्याची वंशावळ लिहायची तर जावजी दादाजी, राणोजी आरू, गणपत कृष्णाजी आणि टॉमस ग्रॅहम यांच्याआधी या घरांची नावं येतात: हॉल, न्यूएल, गॅरेट, बार्डवेल, आणि त्यांच्याबरोबर मार्गारेट, फिलोमेला, हॅरिएट.

टेबलावरचा ळ मी परत कागदावर उमटवतो. त्या पाद्री मंडळींच्या भाषेत हा उच्चार नव्हता. पंडितासमोर बसून, जीभ टाळूला लावत, चुकत-चुकत त्यांनी तो आधी तोंडात बसवला असेल. मग खिळ्यांत. घासणारी, कोरणारी, ओतणारी, जुळवणारी माणसं आली ती त्यानंतर, आणि त्यांनी तो आपला करून घेतला.