पुरात धावून येणारं 'एमआय-१७' हेलिकॉप्टर नेमकं कसं असतं? जाणून घ्या

परतूर : तालुक्याच्या दक्षिणेला गोदावरी, मधून दुधना. पाणी वाढलं की 'हेलिकॉप्टर मागवा' हे शब्द हमखास ऐकू येतात. सप्टेंबर २०२५ च्या पुरात धाराशिव जिल्ह्यातल्या परंडा तालुक्यात अडकलेल्यांना हेलिकॉप्टरनेच काढावं लागलं. हवाई दलाकडे अशा कामाचं मोठं यंत्र म्हणजे रशियन बनावटीचं एमआय-१७ व्ही-५. फेब्रुवारी २०१२ मध्ये ते दलात रीतसर दाखल झालं. एकूण १५१ घेतली.

याला दोन इंजिनं. एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर सुखरूप उतरता येतं. वरचा पंखा पाच पात्यांचा, घेर या टोकापासून त्या टोकापर्यंत २१ मीटर, म्हणजे जवळपास ७० फूट. सगळं भरून वजन १३ टन. आत ३६ जवान किंवा ४ टन माल मावतो. आसनं काढली की १२ स्ट्रेचर बसतात. मागचा दरवाजा खाली पडून उतार होतो, त्यावरून जीप थेट आत चढते. वेग ताशी २५० किलोमीटरपर्यंत. आज धान्य नेणाऱ्या याच हेलिकॉप्टरला उद्या रॉकेटही लावता येतात.

उतरायला जागा नसेल तर ते हवेतच थांबतं आणि दोराने एकेक माणूस वर ओढतात. तेव्हा खाली वारा असा सुटतो की सैल पत्रे, ताडपत्री, कडबा उडालाच समजा. विजेच्या तारा असतील तिथे पायलट खाली येत नाही. जमिनीवर उतरलं तरी शेपटीकडे चुकूनही जाऊ नका. तिथला छोटा पंखा फिरताना दिसतच नाही. जवानाने खूण केल्यावरच, समोरून, वाकून जायचं. टोपी, उपरणं हातात.

मग पाऊस कोसळत असताना ते का येत नाही? ८ डिसेंबर २०२१ ला कुन्नूरजवळ जनरल बिपिन रावत यांचं कोसळलेलं हेलिकॉप्टर हेच. यंत्रात बिघाड नव्हता. हवामान अचानक बदलून ते ढगात शिरलं, असं चौकशीत निघालं. जमिनीला टेकलेल्या ढगापुढे रडारही कमी पडतं. म्हणून पाणी चढायच्या आत आखाड्यावरची माणसं, जनावरं हलवलेली बरी.

हेलिकॉप्टर सरपंच किंवा तहसीलदार थेट बोलावू शकत नाहीत. मागणी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत राज्य सरकारकडे आणि तिथून सैन्यदलाकडे जाते, त्यात वेळ मोडतो. फोन ११२ किंवा जिल्हा नियंत्रण कक्षाच्या १०७७ वर करा. गाव, शिवार, माणसं किती, त्यात म्हातारी, गरोदर बाई आहे का, जवळ तारा आहेत का, एवढं आधी सांगा.