कॉलेजातील तत्त्वज्ञान आणि आगरकर

आपल्या ज्ञातीतील एखाद्या मुलाने बी. ए. ला तत्त्वज्ञान घेण्याची इच्छा दर्शविली की वडीलधारी मंडळी प्रथम विचारतात, "त्याने पोट भरेल काय?" हा प्रश्न नवा नाही, आणि ज्यांच्या घरी दोन वेळची भ्रांत होती त्यांनी तो विचारावा यात गैरही नाही. परंतु त्याचे एक उत्तर इतिहासात नमूद आहे, ते येथे सांगावेसे वाटते.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले व १८६२ साली रानडे, भांडारकर, मोडक व वागळे हे चौघे पहिले बी. ए. झाले. न्याय व मीमांसा आपल्या पाठशाळांत पूर्वापार होत्याच. पण तेथे अधिकार जन्माने ठरे. कॉलेजात फी भरणाऱ्यास तर्कशास्त्राचे पुस्तक उघडता येऊ लागले. फी भरणे किती जणांस शक्य होते, हा प्रश्न निराळा.

गोपाळ गणेश आगरकर आमच्या ज्ञातीचे नव्हेत. म्हणून त्यांचे ऋण आम्हांस नाही असे मात्र नव्हे. कऱ्हाडजवळच्या टेंभू गावी १८५६ साली ते एका दरिद्री कुटुंबात जन्मले. कऱ्हाडास दवाखान्यात कंपाउंडरी केली, अकोल्यास राहून मॅट्रिक झाले आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले. अंगात एकच सदरा. रात्री धुवावा व सकाळी तोच घालावा, ही गोष्ट आम्ही वर्गात कितीदा सांगितली असेल! मिल्ल व स्पेन्सर यांचे ग्रंथ त्यांनी मनापासून वाचले. त्यांतून त्यांनी उचलली ती केवळ मते नव्हत, तर प्रत्येक रूढीस 'कारण काय?' असे विचारण्याची सवय. हीच सवय १८८८ पासून 'सुधारका'त केशवपन व बालविवाह यांवर चालून गेली, आणि लोकांनी त्यांची जिवंतपणीच प्रेतयात्रा काढली. एम. ए. च्या अभ्यासात असतानाच त्यांनी आईस कळविले होते की, मोठ्या पगाराची आशा धरू नये; पोटापुरते मिळवून उरलेला वेळ लोकांसाठी वेचीन. १८९२ साली ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले व १८९५ साली, चाळिशी गाठण्यापूर्वीच, वारले.

आता घरची गोष्ट. गतवर्षी आमच्या शिष्यवृत्ती-समितीपुढे एका मुलीचा अर्ज आला. वडील हमाली करतात, गुण उत्तम, विषय तत्त्वज्ञान. "इंजिनियरिंगला असती तर दिले असते," असे एक सभासद म्हणाले व अर्ज बाजूस पडला. आगरकरांचा सदरा पोरांस सांगणारे आम्ही त्याच बैठकीत होतो, आणि आम्ही तोंड उघडले नाही. यंदा तिने पुन्हा अर्ज केला आहे. तो या अंकाच्या प्रकाशनानंतरच्या बैठकीत निघेल, आणि त्या वेळी आम्ही प्रथम बोलणार आहोत.