काबातेपेच्या वाळूवरचे द्राबी

गॅलिपोली द्वीपकल्पाच्या पश्चिम अंगाला काबातेपे आहे. एजेआबातहून मिनीबसने थोड्याच वेळात पोचलो. मागे पाइनची झाडं, समोर एजियन समुद्र आणि धूसर इम्रोस बेट. ऑक्टोबर असल्याने वाळूवर माझ्याशिवाय एक म्हातारा गळ टाकून बसलेला, बस्स. कोकणातल्या माणसाला हा समुद्र विचित्रच वाटतो, भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच.

उत्तरेला दोन-तीन किलोमीटरवर अँझॅक कोव्ह. 25 एप्रिल 1915 ला ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं सैन्य तिथे उतरलं, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच दिवशी हिंदुस्थानी फौजेची 26 वी जेकब्ज माउंटन बॅटरीही तिथे उतरली. तिच्यात शीख होते आणि पंजाबी मुसलमानही. त्यांच्यामागून इंडियन म्यूल कोअर आलं. खेचरं हाकणाऱ्यांना ‘द्राबी’ म्हणत, ‘ड्रायव्हर’चा अपभ्रंश. पाणी, दारूगोळा, शिधा, सगळं या द्राबींनी गोळीबारात टेकड्यांवर चढवलं. जखमींना गाढवावरून आणणारा सिम्पसन ऑस्ट्रेलियात दंतकथा झाला, त्याचे पुतळे उभे राहिले. तो मुक्कामाला हिंदुस्थानी तोफखान्याच्या तळावर असे. त्या तळावरच्या माणसांची नावं मात्र कुणाला ठाऊक नाहीत.

मला अस्वस्थ करते ती वेगळीच गोष्ट. नोव्हेंबर 1914 मध्ये इस्तंबूलहून खलिफाच्या नावाने जिहाद पुकारला गेला होता. हिंदुस्थानी ब्रिगेडमधल्या 69 व्या आणि 89 व्या पंजाबी पलटणींत निम्मे मुसलमान. ते तुर्कांवर गोळी झाडतील का, ही शंका साहेबांना आली आणि मे महिन्यातच दोन्ही पलटणी इथून काढून फ्रान्सला पाठवल्या. त्यांच्या जागी गुरखे आणले. पण तोफखान्यातले आणि खेचरांमागचे मुसलमान तसेच ठेवले. म्हणजे बंदुकीसाठी निष्ठा संशयास्पद, तोफेसाठी आणि ओझ्यासाठी चालेल! शंकेचा हा हिशेब आपल्याला काही नवा नाही.

पुढे 1919 मध्ये मुंबईत खिलाफत समिती स्थापन झाली. गांधीजींपासून अली बंधूंपर्यंत सगळे तुर्कस्तानच्या खलिफासाठी उभे राहिले. तेव्हा गावी परतलेले द्राबी कुणाच्या बाजूचे ठरले असतील? भायखळ्याच्या खिलाफत हाऊससमोरून किती वेळा गेलो, हा प्रश्न तिथे कधी पडला नाही. या टेकड्यांवर 19 वी डिव्हिजन लढवणाऱ्या मुस्तफा कमालनेच 3 मार्च 1924 ला खिलाफत मोडीत काढली, ते वेगळंच.

म्हाताऱ्याने खुणेने विचारलं, कुठून? मी म्हटलं, हिंदिस्तान. ‘मुसलमान?’ मी मान डोलावली. त्याने टेकडीकडे बोट दाखवून ‘शेहित’ म्हटलं आणि दोन्ही तळवे उघडले. तो त्याच्या लोकांसाठी फातिहा पढत होता. मीही हात उचलले. माझ्या मनात खेचरांचे लगाम धरलेली माणसं होती. तेवढी भाषा आमच्यात नव्हती, म्हणून ते त्याला सांगितलं नाही.