ऑक्टेन अंक आणि मोटारसायकल (बुलढाणा जिल्हा)

ऑक्टेन अंक : दाब आणि उष्णता वाढली तरी पेट्रोल आपोआप पेट न घेता किती तग धरते, ते सांगणारा आकडा. सिलिंडरमध्ये पिस्टन पेट्रोल-हवेचे मिश्रण दाबतो आणि नेमक्या वेळी प्लगची ठिणगी ते पेटवते. ऑक्टेन कमी पडला, तर ज्योत पसरत असतानाच उरलेले मिश्रण स्वतःहून भडकते. टाकीखालून कटकट असा धातूचा आवाज येतो. गॅरेजवाले त्याला ‘नॉकिंग’ म्हणतात. दुर्लक्ष केले तर पिस्टनचा माथा आणि हेडचे गॅस्केट जळून इंजिनाचे काम निघते.

ही मोजपट्टी १९२६ मध्ये ग्रॅहॅम एडगर या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाच्या कामातून आली. आयसो-ऑक्टेनला १०० आणि हेप्टेनला ० धरून बाकीची इंधने त्यांच्या मिश्रणांशी ताडून पाहिली जातात. भारतीय पंपावरचा आकडा ‘आरओएन’ या एका चाचणीचा असतो, तर अमेरिकेत ती धरून दोन चाचण्यांची सरासरी लिहितात. त्यामुळे तिकडचे ८७ म्हणजे आपल्याकडचे साधारण ९१. अमेरिकी व्हिडिओ पाहून पेट्रोल ठरवणाऱ्यांची गफलत इथेच होते.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे. जास्त ऑक्टेनच्या लिटरात जास्त ऊर्जा असते, हा समज चुकीचा आहे. किती ऑक्टेन लागणार, हे मुख्यतः इंजिनाच्या दाबगुणोत्तरावर, म्हणजे पिस्टन मिश्रण किती पट दाबतो त्यावर ठरते. शेतावर, बाजाराला आणि कॉलेजला धावणाऱ्या शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांत ते साधारण ९ ते १० असते. रॉयल एनफिल्डच्या क्लासिक ३५० चे ९.५ आहे, जुन्या बिडाच्या बुलेटचे तर त्याहून बरेच कमी. या सगळ्यांना ९१ ऑक्टेन पुरतो. छोट्या गाड्यांत सहसा नॉक सेन्सर नसतो, त्यामुळे महागड्या पेट्रोलचा फायदा घ्यायला इंजिन ठिणगीचे टायमिंग बदलू शकत नाही. १०० ऑक्टेनच्या पेट्रोलवर केलेला खर्च अशा गाडीत वायाच जातो. यामाहा आर१५ (११.६) किंवा केटीएम ३९० ड्यूक (१२ च्या वर) यांची गोष्ट वेगळी. तिथे कंपनीच्या पुस्तिकेतला आकडा पाहावा आणि त्याखाली जाऊ नये.

नॉकिंगची खरी परीक्षा जिल्ह्यात घाटात होते. मोताळ्याकडून राजूर घाट चढून सुमारे साडेसहाशे मीटर उंचीवरच्या बुलढाण्याला येताना, किंवा खामगावहून बोथ्याच्या रस्त्याने, मे महिन्यातल्या दुपारी डबलसीट आणि वर सामान असेल तर इंजिन तापलेले असते, आत येणारी हवाही तापलेली असते. त्यात चौथ्या गिअरमध्येच पिळून गाडी चढवली की फेरे पडतात, लोड येतो आणि कटकट सुरू होते. दोष बहुतेक वेळा पेट्रोलचा नसतो. एक-दोन गिअर खाली टाकून आवाज थांबला, तर पंप बदलायची गरज नाही. तरी थांबला नाही, तर पिस्टनवर साचलेला कार्बन, चुकीचा प्लग, बिघडलेले टायमिंग किंवा कार्ब्युरेटरमधून कमी येणारे पेट्रोल, या क्रमाने तपासावे. पेट्रोलवर संशय त्यानंतर घ्यावा.

तो संशय सर्वांत रास्त ठरतो तो पंपापासून दूरच्या गावांत बाटलीने मिळणाऱ्या सुट्या पेट्रोलबाबत. त्यात रॉकेल मिसळलेले असू शकते आणि रॉकेलचा ऑक्टेन फार कमी असतो. थोडी भेसळही अंक खाली आणते आणि प्लग काळा पडतो. पंपावर फिल्टर पेपरची चाचणी आणि पाच लिटरचे माप मागण्याचा ग्राहकाला हक्क आहे. शुद्ध पेट्रोलचा थेंब कागदावर डाग न ठेवता उडून जातो. या चाचणीतून भेसळ उघडी पडू शकते, ऑक्टेन मात्र कळत नाही.

देशभर शिसेविरहित पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून आले. पुढे साध्या पेट्रोलचा अंक ८८ वरून ९१ वर गेला. फेब्रुवारी २०२३ मध्ये २० टक्के इथेनॉलचे ई-२० पेट्रोल पंपांवर येऊ लागले आणि दोन-अडीच वर्षांत तेच साधे पेट्रोल झाले. इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन १०८ च्या आसपास असल्याने ई-२० चा अंक ९५ पर्यंत पोचतो. म्हणजे ९५ च्या प्रीमियमसाठी जादा पैसे मोजण्याचे ऑक्टेनपुरते कारण आता उरलेले नाही. पण इथेनॉलमध्ये ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते, म्हणून अॅव्हरेज थोडे घटते. शेतकऱ्याच्या खिशाला ही घट लागते आणि ती सरळ मान्य करायला हवी.

ई-२० मुळे २०२३ पूर्वीच्या, विशेषतः कार्ब्युरेटरच्या गाड्यांत रबरी नळ्या आणि वॉशर लवकर कडक होऊ शकतात. सर्व्हिसिंगला ते पाहून घ्यावेत. इथेनॉल पाणी ओढते. पावसाळ्यात गाडी गोठ्यात आठवडेच्या आठवडे उभी राहणार असेल, तर टाकी भरलेली आणि झाकणाचे रबर धड ठेवावे. पाणी जास्त झाले तर ते इथेनॉलसह टाकीच्या तळाशी बसते आणि वर उरलेल्या पेट्रोलचा ऑक्टेन उतरतो. असे पेट्रोल काढून टाकावे, त्यात नवे ओतून चालत नाही.