गिन्झातली फिरती बशी

टोकियो शहरातला गिन्झा हा भाग म्हणजे जपानमधली सर्वांत महाग जमीन. तेथील मुख्य रस्त्यालगतच्या जागेचा सरकारी भाव दर चौरस मीटरला ४ कोटी येनच्या वर गेला आहे. याच गिन्झात २०१४ साली जपानच्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्ष ओबामांना तळघरातल्या एका लहानशा, पण अतिशय महागड्या दुकानात सुशी खाऊ घातली होती. आणि याच गिन्झात एप्रिल २०२४ मध्ये ‘कुरा सुशी’ या साखळीने पट्ट्यावर फिरणाऱ्या स्वस्त सुशीचे उपाहारगृह उघडले. जागेचे भाडे एवढे, तर हे परवडते कसे? उत्तर शोधताना आम्हाला दोनशे वर्षे मागे जावे लागले.

सुशी या शब्दाचा मूळ अर्थ ‘आंबट’ असा मानतात. मीठ लावलेले मासे शिजवलेल्या भातात दाबून महिनोन्‌महिने आंबवायचे, ही तिची जुनी रीत. भातात तयार होणाऱ्या लॅक्टिक आम्लामुळे मासा कुजत नाही. खायचा तो मासा. भात बहुधा फेकून दिला जाई. पुढे एदोमध्ये, म्हणजे आजच्या टोकियोत, लोकांना एवढा धीर राहिला नाही. भातात व्हिनेगर मिसळले की आंबटपणा लगेच येतो. हांदा गावच्या नाकानो मातासाएमोन याने साकेच्या चोथ्यापासून स्वस्त व्हिनेगर काढले, आणि १८२० च्या दशकात हानाया योहेई याच्या नावाशी जोडली जाणारी, हाताने वळलेली सुशी एदोत लोकप्रिय झाली. महिन्यांचे काम मिनिटावर आले. ती टपरीवर मिळे. गिऱ्हाईक उभ्यानेच दोन-चार घास खाऊन वाटेला लागे. आज प्रतिष्ठेची वाटणारी ही वस्तू आपल्याकडच्या भेळ-वड्याच्या जातीची होती!

दुसऱ्या महायुद्धानंतर आरोग्याच्या कारणावरून या टपऱ्या रस्त्यावरून हटल्या. सुशी बंद दुकानात गेली, कारागिराची मजुरी वाढली, आणि कित्येक दुकानांत किमतीच्या जागी नुसते ‘बाजारभावाने’ असे लिहिलेले दिसू लागले. सामान्य माणूस आत शिरायला बिचकू लागला.

ओसाकाजवळच्या फुसे या लहान कारखान्यांच्या गावात योशिआकी शिराइशी यांचे छोटे सुशीचे दुकान होते. गिऱ्हाईक भरपूर, पण वाढायला माणसे मिळेनात. असाही बीअरच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरून बाटल्या जाताना त्यांनी पाहिल्या आणि त्यांना युक्ती सुचली. बाटल्यांच्या जागी बशा ठेवायच्या, एवढेच. पण ते एवढे सोपे नव्हते. पट्टा सरळ रेषेत चालवणे सोपे. दुकानात मात्र तो वळून परत आला पाहिजे. पट्टा आयताकृती पत्र्यांच्या तुकड्यांचा केला, तर वळणावर आतल्या कडा एकमेकींवर आदळतात आणि बाहेरच्या बाजूला फटी पडतात. (पुठ्ठ्याचे आयत कापून वर्तुळाकार मांडा, लगेच कळेल.) भेटकार्डे पंख्यासारखी पसरताना शिराइशींना यावरचा उपाय दिसला, अशी हकीकत सांगतात. तुकडे चंद्रकोरीच्या आकाराचे करायचे, म्हणजे एकाची फुगीर कड पुढच्याच्या खोलगट कडेत बसते आणि फट न पडता साखळी वळते. १९५८ मध्ये त्यांचे ‘गेनरोकु सुशी’ फिरू लागले.

वेग ठरवायलाही खटपट पडली. फार हळू असेल तर खाणारा वैतागतो, फार जलद असेल तर मासा सुकतो आणि उचलताना तारांबळ उडते. शेवटी सेकंदाला ८ सेंटिमीटर हा वेग ठरला. एका माणसाला ६० सेंटिमीटर जागा धरली, तर बशी त्याच्यासमोर साडेसात सेकंद असते.

आता भाड्याकडे येऊ. भाडे जागेवर आकारले जाते खरे, पण गिऱ्हाईक वापरतो ती जागा गुणिले वेळ. पट्ट्यापाशी बसल्याबरोबर अन्न समोर असते. वाट पाहणे नाही, वाढपी कमी, हिशेब रिकाम्या बशा मोजून. एका खुर्चीवर तासाला जेवढी अधिक माणसे बसून जातील, तेवढा प्रत्येकाच्या वाट्याचा भाड्याचा तुकडा लहान. एदोच्या टपरीचे गणित हेच होते. यंत्राने ते छपराखाली आणले.

पुढची कामगिरी इतरांची. १९७० च्या ओसाका प्रदर्शनाने ही कल्पना देशभर नेली, १९८१ मध्ये सुझुमो कंपनीने भात वळणारे यंत्र काढले. मग नॉर्वेचा सामन मासा आला. समुद्रातल्या सामनमध्ये परजीवी अळ्या असतात, म्हणून जपानी लोक तो कच्चा खात नसत. कोरड्या खाद्यावर वाढवलेल्या माशात ही भीती जवळजवळ नाही, हे नॉर्वेच्या लोकांनी त्यांना १९८० च्या दशकापासून चिकाटीने पटवले.

फिरणाऱ्या बशीचे दुखणे मात्र एकच: ती किती वेळ फिरते आहे हे खाणाऱ्याला कळत नाही. ‘सुशिरो’ या साखळीने बशीखाली इलेक्ट्रॉनिक चकती बसवली आणि ३५० मीटर फिरलेली बशी आपोआप बाजूला काढण्याची सोय केली. शिराइशींच्या वेगाने हे अंतर कापायला किती वेळ लागेल? सुमारे ७३ मिनिटे. वर्गात घालायला हे उदाहरण छान आहे.

यंत्राला माणसावर मात्र पहारा ठेवता येत नाही. २०२३ च्या प्रारंभी याच साखळीच्या एका दुकानात एका तरुणाने सोयासॉसची बाटली चाटली, त्याचे चित्रीकरण सर्वत्र पसरले, आणि तिने उघड्यावर सुशी फिरवणे थांबवले. आता मागवलेलीच बशी पट्ट्यावरून त्या त्या गिऱ्हाइकापर्यंत जाते. त्याआधी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, महागाईमुळे सुशिरो आणि कुरा या दोघांनीही शंभर येनची बशी बंद केली होती.

गिन्झाच्या नव्या उपाहारगृहात पट्टा अजून फिरतो, पण प्रत्येक बशीवर पारदर्शक झाकण आहे. आत एदोकाळासारख्या टपऱ्या मांडल्या आहेत, आणि त्यांतल्या एकीत कारागीर गिऱ्हाइकासमोर हाताने सुशी वळतो.