पाचाचा पंच

परवा वर्गात डिकन्सच्या 'डेव्हिड कॉपरफील्ड'चा संक्षेप वाचीत होतो. त्यातले मिकॉबरसाहेब लिंबे-साखर घेऊन मोठ्या थाटात 'पंच' करतात. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, पंच म्हणजे पंचायतीतले का?" वर्ग हसला. मीही हसलो, पण घरी येऊन पुस्तके उघडली आणि हसू मावळले.

पोरगा फारसा चुकला नव्हता. जॉन फ्रायर नावाचा कंपनीचा डॉक्टर १६७३ साली मुंबईस उतरला. त्याचे प्रवासवर्णन १६९८ साली लंडनला छापले गेले. गोव्याकडच्या नेरुळची अरक उत्तम, तिचा इंग्रज पंच करतात, आणि त्यात पाच जिनसा म्हणून ते नाव, असे तो सांगतो. पाच जिनसा म्हणजे दारू, साखर, लिंबू, पाणी, मसाला. पंचामृतच म्हणा ना! (हे वाक्य सौभाग्यवतींच्या कानी जाऊ नये.)

पंच जहाजांतून विलायतेस गेला. स्कॉटलंड-आयर्लंडात अरकेच्या जागी घरची व्हिस्की आली. साखरेच्या खड्याने लिंबाची साल घासायची, म्हणजे सालीतले तेल साखरेत उतरते. मग रस, कढत पाणी, शेवटी व्हिस्की. जेरी टॉमस या अमेरिकनाने १८६२ साली पेयांचे पुस्तक काढले, त्यात व्हिस्कीचे पंच आहेत. पुढे एकेकट्याच्या पेल्यांचे दिवस आले आणि सगळ्यांनी मिळून रिकामे करायचे ते मोठे भांडे अडगळीत गेले. आम्ही नागपूरकर संत्र्याच्या रसावर समाधानी. पण शब्द आपला, याचा मला कोण आनंद झाला!

तो रात्रभरच टिकला. मुंबई सरकारचा १६९४ चा एक हुकूम आहे : खाणावळीत पंच प्यायला येणाऱ्याने एक क्वार्ट गोव्याची चांगली अरक, अर्धा पौंड साखर आणि अर्धा पाइंट लिंबाचे पाणी मागावे व आपला पंच आपण करावा. मोजा. तीनच! शिवाय १६३२ च्या एका इंग्रजाच्या पत्रात, म्हणजे फ्रायर येण्याच्या चाळीस वर्षे आधी, हा शब्द आहे, पण पाचाचा पत्ता नाही. दारूच्या 'पंचन' नावाच्या पिंपावरून खलाशांनी तो पाडला, असेही काही पंडित म्हणतात.

दुसऱ्या दिवशी दोन्ही व्युत्पत्ती फळ्यावर लिहिल्या. 'पाच'पुढे प्रश्नचिन्ह काढताना हात जरा अडखळला. शेजारी हुकूमही उतरवला.

मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, साधे पाणी धरले तरी चारच होतात."